पालथा तळहात

नोव्हेंबर सरत आला, धान कापून खळ्यावर आलं, की आमच्या गल्लीत भोंगा वाजतो. राइस मिलचा नव्हे, जहाजाचा. पवनीत जहाजाचा भोंगा ऐकू येतो हे मी पुण्याच्या मावसबहिणीला पहिल्यांदा फोनवर सांगितलं, तेव्हा तिने आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली. तिचं काही चुकलं नाही. भंडारा जिल्ह्यापासून समुद्र किती लांब आहे हे मीच शाळेतल्या नकाशावर पट्टी ठेवून मुलांना दाखवते. तरीही जहाज येतं. धरणाच्या बाजूने येतं, वळणावर दिसू लागतं, आणि मग खिडकीत दुसरं काही दिसत नाही.

काल ते या वर्षी पहिल्यांदा आलं. मी खिडकीशी तांदूळ निवडत बसले होते. भोंगा वाजला आणि हात सुपातच थांबला. तीन वर्षं झाली, तरी तो आवाज ऐकला की मला आधी माझी चूक आठवते आणि मग बाबा आठवतात. खरं तर क्रम उलटा हवा.

घाटावरच्या बोर्डावर त्याला क्रूझ म्हटलंय. मोबाइलवर मी खऱ्या क्रूझ पाहिल्या आहेत. बारा-पंधरा मजल्यांच्या. परदेशातल्या कुठल्याशा जुन्या बंदरात शिरतात तेव्हा तिथल्या चर्चचा मनोराही त्यांच्या कमरेला लागतो आणि खालचे लोक माना वर करून उभे असतात. आमचं जहाज दोनच मजल्यांचं. वर ताडपत्रीचं छत आणि प्लॅस्टिकची नारळाची झाडं, खाली काचेचा हॉल आणि मोठ्या आवाजातली गाणी. त्या बड्या जहाजांनी याला ओळखही दाखवली नसती. पण आमच्या घाटाला लागलं की घाट लहान होतो. देवळांचे कळस त्याच्या वरच्या कठड्याशी येतात, आणि किल्ल्याचा जुना परकोट कुणीतरी मागे सरकवून ठेवल्यासारखा दिसतो. म्हणून गावात सगळे त्याला जहाजच म्हणतात.

नागपूरकडची माणसं येतात, दीड-दोन तास उतरतात. घाट, देवळं, किल्ल्याचा दरवाजा, चहा, फोटो, परत. आमच्या गल्लीतून जाताना त्यांना हमखास ठसका लागतो, कारण गल्लीच्या तोंडाशी मिरचीचा सातरा आहे. तिथे बाया लाल मिरचीचे ढीग पुढ्यात घेऊन दिवसभर देठ खुडत बसतात आणि हवेत तिखट तरंगत राहतं. आम्हाला ते जाणवतही नाही. पाहुणे नाकाला रुमाल लावून डोळे पुसत जातात, आणि सातऱ्यावरच्या बाया मान खाली घालून हसतात. त्या दोन तासांत गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. आपल्याच दारातून बाहेर पडावं की नाही, हे पाहुण्यांची रांग पाहून ठरवावं लागतं. मी सुट्टीच्या दिवशी दार लावून घ्यायचे आणि खिडकी उघडी ठेवायची. खिडकी बाबांसाठी.

आमचं घर तीन खोल्यांचं. मागच्या खोलीची खिडकी थेट पाण्यावर उघडते. माझ्या लहानपणी ती पाण्यावर उघडत नव्हती, पायऱ्यांवर उघडत होती. पायऱ्या उतरून गेलं की वाळू, आणि वाळू चालून चालून पाय दुखले की वैनगंगा. उन्हाळ्यात त्या वाळूत टरबुजांच्या वाड्या असायच्या. नदीच्या मधोमध एक काळा खडक होता, बसलेल्या रेड्यासारखा. आमच्याकडे रेड्याला हेला म्हणतात, म्हणून त्या खडकाचंही नाव हेला. उन्हाळ्यात त्याची पाठ बाहेर दिसायची आणि आम्ही पोरं तिच्यावरून उड्या मारायचो. पाणी वाढलं की तो बुडायचा, आणि बुडाला की डोंगेवाल्यांची छाती धडधडायची, कारण दिसणारा हेला कुणाचं काही बिघडवत नव्हता.

पुढे गोसीखुर्दचं धरण झालं. कितीतरी गावांना घरंदारं सोडून उठावं लागलं. आमची गल्ली उंचावर म्हणून वाचली, पण पाणी पायऱ्या चढत चढत वरून अकराव्या पायरीशी येऊन थांबलं. वाळू गेली, वाड्या गेल्या, हेला गेला. नवीन पोरांना तर नदी आधीपासूनच एवढी रुंद होती असं वाटतं. सगळ्यांनी मनाशी धरून टाकलं की धरणाचं पाणी म्हणजे अथांग पाणी, त्याच्या खाली काही नसतं.

बाबा डोंगा चालवायचे. आम्ही धिवर, पाणी हेच आमचं शेत. पूल नव्हता तेव्हा या काठाची माणसं, शेळ्या, सायकली, एकदा तर एक आख्खं लग्नाचं वऱ्हाड, बाबांनी पलीकडे नेलं. नदीच्या रुंदीवर हाक पोचत नाही, वारा उलटा असला तर मुळीच नाही, म्हणून डोंगेवाल्यांची हाताची एक बोली होती. मूठ वर केली की थांब. हात दोनदा छातीकडे आणला की ये, माणसं खोळंबलीत. उघडा तळहात डोक्यावर धरला की पाणी मोकळं आहे. आणि तळहात पालथा करून हवेत दोनदा दाबला, मग कोपरापासून बाहेर फेकला, की इथे उथळ आहे, अडकशील, वळसा घे. हे सगळं उजव्या हाताने, कारण डावा हात बांबूवर असायचा. आठ वर्षांची असताना मी घाटाच्या पायरीवर उभी राहून बाबांच्या खुणा पलीकडे पोचवायचे. श्रावणकाका, बाबांचे जोडीदार, पलीकडच्या काठावरून मला मूठ दाखवायचे आणि मी ती बाबांना दाखवायचे. मोठं जबाबदारीचं काम होतं ते. मी तेव्हा शाळेपेक्षा तिथे जास्त हुशार होते.

जहाज सुरू होण्याच्या दोन वर्षं आधी बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, बोलता येणार नाही, पण समज शाबूत आहे, त्यांच्याशी नेहमीसारखं वागा. मी मान डोलावली. घरी येऊन वागले मात्र उलट. घास भरवताना आ करा म्हणायचे, गोळी दिली की शाबास म्हणायचे. पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवून शिकवून माझा एक आवाज तयार झाला आहे, तोच मी बाबांसाठी वापरायला लागले. चाळीस वर्षं लोकांना बुडू न देणाऱ्या माणसाला मी शाबास म्हणत होते.

आई कधीच गेलेली, भावंड नाही. सकाळी भात टाकायचा, बाबांना पुसून काढायचं, कूस बदलायची, दहाला स्कूटी काढून आसगावच्या शाळेत जायचं. दिवसा देवकाबाई यायच्या. आधी त्या सातऱ्यावर होत्या, पण तिखटाने श्वास लागायला लागला म्हणून बाबांजवळ बसायचं काम धरलं. साडेपाचला मी परत आले की त्या जायच्या, आणि मग मी आणि बाबा आणि खिडकी. माझं लग्न का झालं नाही, याची गावात दोन-तीन उत्तरं आहेत, त्यातलं एकही खरं नाही आणि सगळी थोडी थोडी खरी आहेत. वय एकेचाळीस. रविवार आणि सोमवार यांत फरक एवढाच की सोमवारी रस्ता दिसायचा.

मग जहाज सुरू झालं, आणि ते पहिल्यांदा आलं तेव्हा बाबांचा डावा हात वर आला. देवकाबाईंनी मला संध्याकाळी दारातच सांगितलं, "बाबाजी जहाजाले टाटा करून राहिलते." मला इतका आनंद झाला की मी गल्लीत सांगत सुटले. दोन वर्षांत त्यांनी आपणहून केलेली ती पहिली गोष्ट होती. मग रोजच व्हायला लागलं. जहाज वळणावर आलं की हात उठायचा, काहीसा थरथरत, काहीसा फेकल्यासारखा. वरच्या मजल्यावरचे लोक टाटा करायचे. जहाजाचा चालक कोकणातला होता, स्वतःला तांडेल म्हणवायचा. तो आमच्या खिडकीसमोर आला की खास बाबांसाठी लांब भोंगा द्यायचा. माइकवरचा माणूस सांगायचा, उजवीकडे पाहा, आपलं स्वागत करणारे पवनीचे आजोबा. कुणीतरी त्यांचा व्हिडिओ काढला, तो शाळेतल्या सरांनी मला दाखवला. बाबा प्रसिद्ध झाले आणि त्यांची मुलगी म्हणून मी मिरवून घेतलं.

एका रविवारी मी स्वतः पाहिलं, तर मला वाटलं, यांना धड टाटा करता येत नाही. तळहात खाली जातोय. मी त्यांच्या पाठीशी उशी लावली, हात माझ्या हातात घेतला, तळहात समोर केला आणि मनगटातून हलवून दाखवला. बाबा, असा करा. त्यांनी हात हिसकावून घेतला. मी पुन्हा धरला. त्यांनी पुन्हा हिसकावला आणि पालथा करून हवेत दाबला, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की दुसरं कुणी असतं तर त्याला कळलं असतं. मी देवकाबाईंना म्हटलं, बाबा हट्टी झालेत.

शेतात लाखोरीच्या डाळीला निळी फुलं आली, मग पळस पेटला. धरणातून खाली उन्हाळी धानाला पाणी सोडत होते, आणि आमच्या घाटाच्या पायऱ्या एकेक करून ओल्या, शेवाळलेल्या बाहेर येत होत्या. अकरावी, बारावी, पंधरावी. धुणं धुणाऱ्या बायांना दर काही दिवसांनी एक पायरी जास्त उतरावी लागत होती, एवढीच त्याची दखल. बाबांचा हात मात्र आता दिवसभर चालायला लागला. जहाज नसतानाही. घास भरवताना चमचा उडायचा. मी डॉक्टरांना सांगितलं, हात फार हलतो, त्यांना आराम पडत नाही. त्यांनी एक हलकी गोळी लिहून दिली. बाबा अकराच्या भोंग्याला झोपलेले असायचे. खिडकीत कुणी दिसत नाही म्हणून पाहुणे विचारायचे, असं चहावाला सांगायचा. पंधरा दिवस मी ती गोळी दिली. हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पंधराव्या दिवशी गोळ्या संपल्या. दुसऱ्या दिवशी रविवार, औषधाचं दुकान बंद. बाबा जागे होते. जहाज वळणावर आलं आणि त्यांचा हात असा उठला, की सगळं अंग त्या हाताच्या मागे उठायला पाहत होतं. घशातून आवाज निघत होता. वरच्या मजल्यावर नेहमीसारखे हात हलले, लांब भोंगा वाजला. आणि भोंगा वाजत असतानाच खालून एक आवाज आला, मोठा नाही, चक्कीत खडा आल्यासारखा. जहाज थांबलं. थोडंसं एका अंगावर कललं. गाणी मात्र चालूच होती.

कुणाला खरचटलंही नाही, हे आधी सांगते. लोक घाबरले, ओरडले, मग मोबाइल काढून उभे राहिले. काठावरचे डोंगे निघाले. जी डोंगेवाली मंडळी जहाजाच्या वेळेला घाटापासून लांब ठेवली जायची, तीच आता पाच-पाच माणसं बसवून आणत होती. मी खिडकीत उभी होते. श्रावणकाका सत्तरीचे, पण त्या दिवशी डोंग्यात उभे होते. मागून येणाऱ्या दुसऱ्या डोंग्याकडे वळून त्यांनी उजवा हात काढला. तळहात पालथा. दोनदा दाबला. कोपरापासून बाहेर फेकला. मागचा डोंगा मुकाट वळसा घेऊन गेला.

मी मागे वळून पाहिलं. बाबांचा डावा हात तेच करत होता.

उजव्या हाताची खूण डाव्या हाताने आली, म्हणून मला ओळखता आली नाही, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. ते खरंही आहे. पण श्रावणकाका माणसं उतरवून खिडकीशी आले, बाबांच्या हाताकडे पाहत उभे राहिले, आणि मग मला म्हणाले, "तुले काहून नाई समजलं वो? तू तं या घाटावरच वाढली." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यांना खरंच नवल वाटत होतं. खडकाचं नाव माहीत असलेली पन्नास माणसं गावात जिवंत होती, पण त्या वाटेने जहाज जातं आणि पाणी उतरतंय, या दोन गोष्टी एकत्र मांडणारा एकच माणूस होता, आणि त्याला मी गोळी देऊन झोपवत होते.

मग जहाज निघेच ना. दोरखंड आले, ट्रॅक्टर आले, नागपूरहून टोप्या घातलेले इंजिनिअर आले. ते मोजमाप करीपर्यंत पाणी आणखी उतरलं. मार्चमध्ये हेल्याची पाठ दिसायला लागली, तिच्यावर जहाजाचं पोट टेकलेलं. एप्रिलात एका बाजूला चिखल उघडा पडला. गावाला नवीन खेळ मिळाला. संध्याकाळी लोक घाटावर बसून जहाजाकडे पाहायचे आणि त्याच्यावरून एकमेकांना चिडवायचे; कुणाचं लग्न जमत नसलं, कुणाचं काम कचेरीत पडून असलं, की त्याचं जहाज झालं म्हणायचे. प्लॅस्टिकची नारळाची झाडं उन्हाने पांढरी पडली. चिखलाला वास सुटला, मिरचीचं तिखट, मोहाच्या फुलांचा गोडसर दर्प आणि कुजलेलं शेवाळ, असा त्या उन्हाळ्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. खिडकी बंद करावी तर उकाडा, उघडावी तर समोर ते. शाळेतून यायचं आणि त्याच्या तिरक्या कठड्याकडे पाहत पोळ्या लाटायच्या. रोज वाटायचं, आज तरी हललं असेल.

तांडेल एकदा घरी आला. मालकांनी त्याला जहाजाजवळच थांबायला सांगितलं होतं, गावी जाता येत नव्हतं. बाबांच्या खाटेशी खाली बसला. मग म्हणाला, "ताई, आजोबा रोज सांगत होते, आणि मी रोज भोंगा देत होतो." बाबांनी डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. तो रडला आणि मला त्याचा हेवा वाटला. मला अजून रडता आलं नव्हतं.

त्याच दिवशी संध्याकाळी मी बाबांसमोर बसले, मूठ वर केली. थांब. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात दोनदा छातीकडे आणला. ये. त्यांचा अर्धा चेहरा हसला. दोन वर्षं आम्ही एका खोलीत राहत होतो आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा बोललो. मग रोज बोलायला लागलो. कूस बदलायची असली की वळसा. पुरे असलं की मूठ. देवकाबाईंनाही चार खुणा आल्या, आणि त्या माझ्यापेक्षा पक्क्या आल्या. मी शाबास म्हणणं बंद केलं. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं अडकलेलो होतो, बाबा त्यांच्या अंगात आणि मी त्या खोलीत, पण त्या दोन महिन्यांइतकी मी पुन्हा कधी घरी यायची घाई केलेली नाही.

आणि तेव्हाच पत्र आलं. मी आदल्या वर्षी एक अर्ज केला होता, भंडाऱ्याला तीन वर्षं शिक्षकांना शिकवण्याच्या कामासाठी. पहिली-दुसरीची बाराखडी सोडून काहीतरी मोठं करावं असं मला फार वाटत होतं, रात्रंदिवस वाटत होतं. माझी निवड झाली होती. एप्रिलअखेर हजर व्हायचं, नाहीतर नाव जाणार. श्रावणकाकांनी ऐकलं तर ते म्हणाले, मी आणि देवकाबाई पाहतो की, तू शनिवारी येत जा. देवकाबाई म्हणाल्या, मी मुक्कामाला येतो. नाही म्हणायला कुणी जागाच ठेवली नाही. मी म्हटलं, पाहू, आणि पत्र शाळेच्या पिशवीत घालून ठेवलं. बाबांना सांगितलं नाही.

देवकाबाईंनी सांगितलं. मी त्या दिवशी घरी आले तर त्या नेहमीपेक्षा लवकर चपला घालत होत्या. दारातून म्हणाल्या, "म्या सांगतलं बाबाजीले. लपवाले थे का लहान लेकरू हायेत?"

मी आत गेले. ऊन उतरत होतं. जहाज खिडकीत होतं, चिखलात, तिरकं. बाबा माझ्याकडेच पाहत होते. मी पिशवी ठेवली, तोंड धुतलं, चहा टाकला, हवं तेवढं करून घेतलं, आणि शेवटी खाटेशी येऊन बसावंच लागलं. त्यांनी हात उचलला. हनुवटीने आधी जहाज दाखवलं. मग माझ्याकडे पाहत तळहात पालथा केला. दोनदा दाबला, अगदी सावकाश, पहिलीच्या मुलाला शिकवावं तसा. आणि बाहेर फेकला, दाराच्या दिशेने.

इथे उथळ आहे. अडकशील. वळसा घे.

मला कळलं. लख्ख कळलं. मी हसले, माझा हात वर केला, तळहात समोर धरून मनगटातून हलवला. टाटा केला.

बाबा माझ्या हाताकडे पाहत राहिले. त्यांना फसवणं सोपं नव्हतं, आणि मी काय केलं हे त्यांना नक्की समजलं. त्यांनी हात खाली घेतला, चादरीवर ठेवला. ती खूण त्यांनी मला पुन्हा कधी केली नाही.

एप्रिल संपला. गावात सगळे म्हणाले, बापासाठी राहिली हो बाई. शाळेत एका कार्यक्रमात तसं माइकवरही बोलले आणि मला शाल दिली. ती शाल मी अजून वापरलेली नाही. बापाने तर जा म्हटलं होतं. बापाला सांभाळायला माणसं होती. मीच भ्याले. चाळिशी ओलांडल्यावर अनोळखी गावात, अनोळखी मोठ्या माणसांपुढे उभं राहून शिकवायचं, आणि जमलं नाही तर काय तोंडाने परत यायचं, या भीतीने माझे पाय धरले. बाबांची खाट पुढे करणं सोयीचं होतं. त्यांना बोलता येत नव्हतं, खोटं पाडणार कोण.

जुलैच्या एका दुपारी पाणी भरलं आणि जहाज कुणी हात न लावता हेल्यावरून उठलं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे डुललं आणि मोकळं झालं. तांडेलने भोंगा दिला. बाबांनी उघडा तळहात डोक्याशी नेला, जेमतेम कपाळापर्यंत गेला, आणि तेवढ्यावरच तांडेल खुणेने हो म्हणाला. पोळा झाला आणि त्यानंतर आठवड्याने बाबा गेले, दुपारी, देवकाबाई पाणी पाजत असताना. मी शाळेत होते.

आता हेल्याभोवती लाल पिंपं तरंगत ठेवली आहेत, जहाज त्यांना वळसा घालून येतं. कुणी खूण करायची गरज उरलेली नाही. भंडाऱ्याच्या त्या कामासाठी या वर्षी पुन्हा अर्ज मागवले आहेत. फॉर्म टेबलावर आहे, वर बाबांचा चष्मा ठेवलाय म्हणून उडत नाही. शेवटची तारीख परवा आहे. नाव आणि शाळा एवढं भरून झालंय.

काल जहाज खिडकीसमोर आलं तेव्हा तांडेलने लांब भोंगा दिला. खाट रिकामी आहे हे त्याला माहीत आहे, तरी देतो. माइकवर काहीतरी सांगितलं असावं, कारण वरच्या मजल्यावरची माणसं कठड्याशी जमली आणि खिडकीकडे पाहायला लागली. मी सूप बाजूला ठेवलं, उठले. उजवा हात बाहेर काढला. तळहात पालथा केला, दोनदा दाबला, आणि कोपरापासून बाहेर फेकला.

ती सगळी माणसं हसली आणि त्यांनी मला टाटा केला.